रंजूचे चोवीस शब्द, शुद्ध मराठीत

८ नोव्हेंबर, शनिवार

“ज्योत्स्नाच्या हातून काई सांडत नाही बापा.” चंद्रकांता आत्या हे बोलल्या तेव्हा मी चौथीत होते आणि ताकाची भरलेली कळशी घेऊन भर पंगतीतून चालले होते. आत्या गेल्या, वाक्य राहिलं. तेव्हापासून आमच्याकडे काही जपायचं असलं की ते माझ्याकडे येतं. आईची पाटली, शेजाऱ्यांच्या चाव्या, दहावीचे तोंडी परीक्षेचे गुण. आज रंजूनेही तेच केलं.

रंजू माझी धाकटी बहीण. दिली बपेऱ्याला. घरी बसून ती परदेशातल्या मुलांच्या एका गेमसाठी झाडं, पक्षी, घरं काढते. ती कंपनी पैसे देते ते रुपयांत नाही, इंटरनेटवरच्या नाण्यांत. त्या नाण्यांची किल्ली म्हणजे एक अंगठ्याएवढी डब्बी. दोन बटनं, नखाएवढा पडदा. हार्डवेअर वॉलेट म्हणतात. सासरी ठेवायची सोय नाही, कारण तिच्या सासूबाई विमलाबाई ‘हवा लागली पाहिजे’ म्हणून घरातलं प्रत्येक कपाट उघडतात. नाणी विकून तिला तुमसरला दोन खोल्या घ्यायच्या आहेत, चित्रकलेच्या क्लाससाठी. म्हणाली, “मले एक दार पाहिजे ताई, ज्याची कडी मी आतून लावीन.” नाणी सध्या एका वेबसाईटवर वाढायला ठेवली आहेत. डिसेंबरात डब्बी त्या साईटला जोडून ती काढून घ्यायची. ते काम माझं.

डब्बीसोबत एक कागद. चोवीस इंग्रजी शब्द, ओळीने. डब्बी हरवली, बिघडली तर या शब्दांवरून नवी किल्ली तयार होते. ज्याच्याकडे शब्द त्याच्याकडे सगळं. आणि हे असं उघड्यावर, इंग्रजीत! रंजूची बस सुटल्यावर मी शांतपणे बसले आणि सगळ्या शब्दांचं मराठी करून काढलं. सुबक अक्षरात. इंग्रजी कागद गॅसवर जाळला. चोराला इंग्रजी येतंच. मराठी आजकाल येतं कोणाला? अठरा वर्षं नववी-दहावीला तेच शिकवते आहे, मला विचारा.

कागद तांदळाच्या कोठीत, तळाशी.

९ नोव्हेंबर, रविवार

रंजूचा फोन. बपेऱ्यात रेंज फक्त गच्चीवर, त्यामुळे अर्धं वाऱ्याने नेलं. नियम सांगितले. साईट तिने माझ्या लॅपटॉपवर सेव्ह करून दिलेल्या खुणेवरूनच उघडायची, शोधून नाही. चोवीस शब्द कुठल्याही साईटवर टाईप करायचे नाहीत, गरज पडलीच तर फक्त डब्बीत. लॅपटॉपचा पडदा खोटं बोलू शकतो, डब्बीचा नाही. म्हणून डब्बीवर आलेलं वाचूनच बटन दाबायचं, आणि वाचता नाही आलं तर ‘नाही’ दाबायचं. आपणहून मदत करायला येईल त्याला ब्लॉक. काम झालं की जोडणी तोडायची.

मग म्हणाली, आता तू म्हणून दाखव.

मी! म्हणून दाखवलं. जरा लागलं मनाला.

यांनी ऐकलं सगळं. यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, बोर्डावर ‘टेकचंद’ लिहिलंय म्हणून यांच्या नावाचं इथे एकदा येणं झालं, पुन्हा येणार नाही. हे म्हणाले, “आंगठ्याएवढ्या डब्बीसाठी एवढी पंचाईत कायले वं?” हेच गृहस्थ काल दुकानात उभं राहून कोणा अनोळखी माणसाला फोनवर ओटीपी वाचून दाखवत होते. मोठ्याने. दोनदा, कारण पहिल्यांदा त्याला ऐकू नाही गेलं. नशीब, तो खरोखरच कुरिअरवाला निघाला.

लॅपटॉपच्या कीबोर्डवर ग्रीसची बोटं. शी.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज स्टाफरूममध्ये किळस आली. मुख्याध्यापकांचा पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवर आहे आणि चिठ्ठीवर ‘पासवर्ड’ असं लिहिलंय. त्यातही ‘पासवड’. धनराज सर गणिताचे. त्यांचा पासवर्ड एक ते सहा आकडे, त्याच क्रमाने. गणिताचे!

मी मनात ठरवलं की डिसेंबरचं काम झालं की स्टाफला एक व्याख्यान द्यायचं. विषय : ‘डिजिटल जगात जपणूक’. सुरुवातीचा परिच्छेद तयार आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार, सकाळ

आज फक्त सराव. डब्बी लॅपटॉपला लावून उघडून पाहायची. पिन रंजूने तोंडी सांगितला होता. लिहून ठेवायचा नाही हा नियम मी तंतोतंत पाळला. पूर्ण वर्ग रोल नंबरने पाठ असतो माझा.

त्याच दिवशी, दुपार

पिन बरोबर होता. डब्बीने नाकारला. पुन्हा टाकला. नाकारला. तिसऱ्या वेळी शेवटचे दोन आकडे आलटून पालटून टाकून पाहिले, केवळ तिला संधी द्यावी म्हणून. डब्बीने सगळं पुसून टाकलं आणि पडद्यावर ‘वेलकम’ लिहून आली, जशी काही आमची ओळखच नाही.

इतकी विसरभोळी वस्तू लोक कशी विकत घेतात?

काळजीचं कारण नाही. नाणी डब्बीत नसतातच, साईटवर असतात. किल्ली शब्दांवरून परत करता येते आणि शब्द आहेत. रंजूला उगाच सांगायला नको, गच्चीवर थंडी असते.

१७ नोव्हेंबर, सोमवार

डब्बीला मराठी येत नाही.

इंग्रजीच शब्द हवेत, तेही तिच्या ठरलेल्या यादीतलेच. असू दे. भाषांतर मी केलंय, उलटही मीच करेन. तांदूळ म्हणजे राइस, भाचा म्हणजे नेफ्यू, बांबू म्हणजे बांबूच. दुपारच्या सुट्टीपर्यंत निम्मे झालेसुद्धा. मला आनंद हा होता की माझे प्रतिशब्द नेमके होते.

रात्रीपर्यंत तीन राहिले. ‘आवाज’, ‘चूक’ आणि ‘हे’.

१९ नोव्हेंबर, बुधवार

इंग्रजीच्या हर्षा मॅडमना सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘चूक’ला इंग्रजीत काय काय म्हणतात. त्या म्हणाल्या मिस्टेक, एरर, फॉल्ट. यादीत तिन्ही आहेत. ‘आवाज’? साउंड, नॉइज, व्हॉइस. यादीत तिन्ही आहेत. ज्या भाषेला एका चुकीसाठी तीन शब्द लागतात त्या भाषेतल्या लोकांचं चुकण्याचं प्रमाण काय असेल!

हर्षा मॅडम बारीक डोळे करून म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही फॉरेनची एक्झाम देऊन राहिल्या का?” मी नाही म्हटलं. दुसऱ्या तासाला धनराज सर विचारत होते, कॅनडा की ऑस्ट्रेलिया.

दोन बटनांवर चोवीस शब्द टाकायचे म्हणजे एकेका अक्षरासाठी बटन दाबत राहायचं. सगळं टाकून झालं की डब्बी म्हणते ‘इनव्हॅलिड’. नुसतं इनव्हॅलिड. कुठला शब्द चुकला, काही नाही. मी पेपर तपासते तेव्हा निदान लाल रेघ तरी मारते.

‘चूक’ आणि ‘आवाज’ची प्रत्येक जोडी करून पाहिली. ‘हे’चा प्रश्न नाही, ‘हे’ म्हणजे ‘धिस’. यादीत आहे.

इनव्हॅलिड.

अंगठ्याला फोड. डब्बीचा वीट आला आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

सुंदरबाई आली होती शिंगाडे घेऊन. ती तळ्यावरची ढीवरीण, दर रविवारी दारावर बसते, पाणी पिते आणि सगळ्या आळीची विचारपूस करते. माप घालता घालता म्हणाली, “तुया घरधनी नाही दिसून राहिला वं बाई?”

मी म्हटलं, “हे वरठीला गेलेत, तांब्याची तार आणायला.”

आणि तिथेच थांबले. हातात शिंगाडे.

हे वरठीला गेलेत.

कागदावर ‘हे’ म्हणजे धिस नव्हतंच. रंजूच्या कागदावर ‘हजबंड’ होतं. आणि मी त्या दिवशी, एकटी बसलेली, चोरांना फसवायचं म्हणून लिहितानासुद्धा, ‘नवरा’ लिहू शकले नव्हते. हात गेलाच नाही. सुंदरबाईला काही कळलं नाही, तिने दोन शिंगाडे वर घातले आणि “तब्येत बरी हाय ना?” विचारलं.

हे संध्याकाळी आले तेव्हा मी जरा नीट बघितलं यांच्याकडे. म्हणाले, “का झालं? मी का केलो?”

२४ नोव्हेंबर, सोमवार

हजबंड. एरर. व्हॉइस. डब्बी उघडली! नाण्यांचा पत्ताही तोच, रंजूचा. नवा पिन टाकला.

शांतपणे विचार केला तर लक्षात येतं की माझी पद्धत किती अभेद्य होती. खुद्द मला आठ दिवस फोडता आली नाही. चोराचं तर काय झालं असतं.

हा भाग व्याख्यानात घ्यावा का? विचार करू.

३० नोव्हेंबर, रविवार, सकाळ

आज प्रत्यक्ष जोडणी. नियमाप्रमाणे सेव्ह केलेल्या खुणेवरूनच साईट उघडली. लॅपटॉपने विचारलं, हे पान मराठीत हवं का? मला आनंद झाला. हो म्हटलं.

काय ते मराठी! ‘तुमचे पाकीट जोडा.’ ‘तुमचे बियाणे वाक्यांश कोणालाही देऊ नका.’ बियाणे वाक्यांश! म्हणजे ‘सीड फ्रेज’, ते चोवीस शब्द. इथल्या शेतकऱ्याला वाटेल धानाचं काहीतरी आहे. ‘आम्ही तुमच्या निधी चोरी करणार नाही आहोत आहे.’ ज्यांना एक वाक्य धड पूर्ण करता येत नाही त्यांच्या हातात माझ्या बहिणीच्या दोन खोल्या? मला शिसारी आली. पडद्याला हात लावावासा वाटेना.

शेवटी एक लाल चौकट : ‘वायू अपुरा.’ मी मोठ्याने वाचलं. हे आतून म्हणाले, “कालच तं सिलिंडर आणलो!” आणि खरंच जाऊन हलवून पाहिलं. मग कळलं की तो गॅस म्हणजे व्यवहाराची फी; थोडी नाणी फीसाठी बाजूला ठेवावी लागतात. ‘फी’ म्हणायला काय होतं?

जोडणी तोडली. या साईटवर मी डब्बीची बटनं दाबून सही करणार नाही. भाषेवरून माणूस कळतो.

त्याच दिवशी, संध्याकाळ

त्या साईटचा टेलिग्रामवर ग्रुप आहे. तिथे तक्रार लिहिली. अकरा चुका, प्रत्येकीची दुरुस्ती कंसात. खाली नाव, शाळा, विषय. आता होईल काय व्हायचं ते.

३ डिसेंबर, बुधवार

उत्तर आलं! ग्रुपवर नाही, मला स्वतंत्रपणे. ‘मराठी साहाय्य कक्ष’.

जसंच्या तसं उतरवते : ‘आदरणीय ज्योत्स्नाताई, आपली तक्रार रास्त आहे; भाषेविषयीची अनास्था हा आपल्या काळाचा रोग आहे. आपण त्याकडे लक्ष वेधलेत, याबद्दल आम्ही ऋणी आहोत.’

अर्धविराम! जागेवर! ‘वेधलेत’! ‘ऋणी’मधला ऋ! इतक्या वर्षांत मला एकाही पालकाने, एकाही सहकाऱ्याने, शिक्षण खात्याने तर नाहीच नाही, अर्धविराम जागेवर असलेलं पत्र पाठवलेलं नाही. मी ते तीनदा वाचलं.

रंजूचा नियम आहे, आपणहून मदतीला येईल त्याला ब्लॉक. पण हे गृहस्थ आपणहून आलेले नाहीत. तक्रार मी केली, त्यांनी उत्तर दिलं. शब्दांचा नेमका अर्थ समजून घ्यायला हवा.

५ डिसेंबर, शुक्रवार

पत्रव्यवहार चालू आहे. मी मुद्दाम एक कठीण प्रश्न टाकला, ‘सूचना’ आणि ‘सुचवणे’ यांत दीर्घ-ऱ्हस्व का बदलतो. पाच मिनिटांत उत्तर, उदाहरणांसह. मला वाटतं ते निवृत्त प्राध्यापक असावेत. अमरावतीकडचे. एकटे राहत असतील.

त्यांनी कळवलं की माझ्या तक्रारीमुळेच साईटची शुद्ध मराठी आवृत्ती तयार झाली आहे आणि पहिली वापरकर्ती म्हणून मला पाचारण करत आहेत. ‘पाचारण’! लिंक सोबत.

रंजूचा फोन येऊन गेला. म्हणाली, तुमसरवाला खोल्यांसाठी घाई करून राहिला. “करतानी मले फोन लावजो ताई, मी गच्चीवरच बसतो.” मी म्हटलं, तू कशाला थंडीत बसतेस.

७ डिसेंबर, रविवार, सकाळ १०.३०

उघडली. डोळे निवले. ‘आपले पाकीट निर्धोकपणे जोडावे.’ ‘आपली संमती ही आपल्या हाती आहे.’ एकही चूक नाही. मी शोधत होते, नाही.

साईट सेव्ह केलेल्या खुणेवरची नाही, हे मला माहीत आहे. पण रंजूने खूण केली तेव्हा ही आवृत्ती अस्तित्वातच नव्हती.

१०.५०

पाकीट जोडलं. साईट म्हणते, नाणी काढण्यापूर्वी एका संमतिपत्रावर सही करावी. डब्बीच्या पडद्यावर मात्र नुसती अक्षरं-आकडे, एकापुढे एक, संपता संपेनात. वर डब्बी म्हणते, हे मला वाचता येत नाही, तरी सही करायची असेल तर आधी सेटिंगमधून ‘ब्लाइंड सायनिंग’ची परवानगी द्या. आंधळी सही.

प्राध्यापकांना विचारलं. म्हणाले, ‘यंत्राच्या लहान पडद्यात देवनागरीचा आशय मावत नाही, म्हणून तो सांकेतिक रूपात दिसतो.’ पटलं. डब्बीला मराठी येत नाही हे माझ्याइतकं कोणाला माहीत आहे!

हे चहाचा कप घेऊन मागे उभे होते. म्हणाले, “रंजू तं म्हणे, वाचता नाही आलं तं नाही म्हणायचं.” मी समजावून सांगितलं की लॅपटॉपवर स्वच्छ मराठीत लिहिलंय. “मंग डब्बीत काहून नाही लिहिलं?” मी म्हटलं, तुम्ही मोटारी गुंडाळा. जरा जोरात म्हटलं गेलं. “बरं मास्तरीणबाई,” म्हणाले आणि चहा ठेवून गेले. चहा लॅपटॉपवरच ठेवला. बशीचा ओला गोल उमटला. मला अशी चीड आली की त्या भरातच दोन्ही बटनं दाबली.

सही झाली. ‘आपण दाखविलेल्या विश्वासाबद्दल आभारी आहोत.’

८ डिसेंबर, सोमवार

नाणी अजून दिसत नाहीत. प्राध्यापकांना नम्र चौकशी पाठवली.

९ डिसेंबर, मंगळवार

उत्तर नाही. तब्येत बरी नसावी. या वयात थंडी बाधते. काळजी घेण्याविषयी दोन ओळी पाठवल्या.

१० डिसेंबर, बुधवार

टेलिग्रामवर त्यांचं नावच दिसत नाही. ‘डिलीटेड अकाउंट’ असं काहीतरी. यंत्रणेतला बिघाड. या लोकांची यंत्रणाच भिकार.

११ डिसेंबर, गुरुवार

जुनी साईट उघडली, खुणेवरची. डब्बी जोडली. बराच वेळ गोल फिरत राहिला. मग :

‘तुमच्याकडे काहीही नाही आहे.’

‘नाही आहे’ असं मराठीत नसतं. ‘काहीही नाही’ एवढं पुरे होतं. ‘आहे’ अनावश्यक आहे.

मी हातात पेन घेऊन बसले होते, बराच वेळ. दुरुस्ती लिहायला.

१२ डिसेंबर, शुक्रवार

रजा टाकली. प्राध्यापकांची सगळी पत्रं पहिल्यापासून वाचली. एक तरी चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं. एखादी वेलांटी. एक अनुस्वार.

एकही चूक नाही. त्यांच्या पत्रांत एकही चूक नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

यांना सांगितलं. वाटलं, आता बोलतील. ‘मी म्हटलं नव्हतं का’ म्हणतील, चहाचं काढतील. यांनी लॅपटॉप घेतला, कीबोर्ड फडक्याने पुसला, स्वतःचं ग्रीस होतं ते. पुसून पुसून चकचकीत केला. मग म्हणाले, “फोन मी लावू का तुझ्या बहिणीले?”

मी नाही म्हटलं.

लावला मीच. ‘गच्चीवर जा’ म्हटलं. ती गेली. मग मी ‘तांत्रिक विलंब’ म्हणाले. नंतर ‘कदाचित परत येतील’ म्हणाले. रंजूच्या बाजूने वारा ऐकू येत होता. शेवटी म्हणाली, “कशी सही केली ताई? आंधळी?”

हो म्हटलं.

“मी आठवड्याचे सात दिवस तेथंच बसली होती वं,” म्हणाली. “गच्चीवर.”

२१ डिसेंबर, रविवार

रंजू आली. एकटी, आमच्या पवनीला येणाऱ्या पहिल्या बसने. मला वाटलं होतं भांडेल. मी भांडणाची तयारी केली होती, मुद्देसूद. ती पोळी-भाजी जेवली, ताट स्वतः घासलं, मग म्हणाली, दाखव पत्रं.

पहिलं पत्र वाचलं. दुसरं वाचलं. म्हणाली, “मराठी भलतंच चांगलं होतं नाही त्याचं?”

मी म्हटलं, फार.

ती हसली. मी पण हसले, म्हणजे हसणार होते. मग ती म्हणाली, “तो प्रोफेसर-बिफेसर नसंन ताई. माणूसच नसंन. आता मशीन लिहून देते असं. तुले पाहिजे तसं मराठी मांगा, तसं देते.”

यावर मला जे वाटलं ते लिहायची लाज वाटते. बहिणीच्या दोन खोल्या गेल्या आणि मला त्या क्षणी किळस कशाची आली? चोराची नाही. त्या अर्धविरामाची. की तो कोणी ठेवलेलाच नव्हता.

रंजू मोरीवर गेली आणि खूप वेळ तोंड धूत होती. नळ चालू होता. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. यांनी टॉवेल दिला. “साबण गेला का डोयात?” हे म्हणाले. “हो भाऊजी,” म्हणाली ती, “लय तिखट साबण हाय तुमचा.”

डब्बी घेऊन गेली. मी म्हटलं, राहू दे ना इथे. म्हणाली, नको.

एवढंच. नको.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. रंजू आली नाही. तिळगूळ यांच्याबरोबर पाठवला. तुमसरला यांचं काम होतं, तिथून बपेऱ्याला जाऊन आले. सांगत होते : तुमसरच्या त्या खोल्यांत कोणी मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलंय. रंजू पुन्हा झाडं काढते आहे, कंपनीने दुसरा गेम दिलाय, यात झाडं जास्त आहेत. नवी डब्बी मागवली. शब्द नवे आले, चोवीस. कुठे ठेवलेस विचारलं तर हसली म्हणे. “कपाटातच हायेत भाऊजी. सासूबाईच्या कपाटात. तेवढं एकच त्या हवा द्याले उघडत नाहीत.”

म्हणजे विमलाबाईंकडे!

मी व्याख्यानाचा परिच्छेद फाडला. मुख्याध्यापकांच्या मॉनिटरवरची चिठ्ठी आता मला दिसत नाही. दिसते, पण मी दुसरीकडे बघते.

१८ जानेवारी, रविवार

रंजूला मेसेज लिहिते आहे. सकाळपासून चार वेळा खोडला. इथे आधी लिहून बघते.

रंजू, डब्बी नको देऊ. पिन नको सांगू. साईटच्या जवळपास मी फिरकणार नाही. तुझ्या पुढच्या दोन खोल्यांबद्दल विचारणार पण नाही, तू सांगशील तेव्हा ऐकेन. एकच मागते. चोवीस शब्दांतला एक शब्द माझ्याकडे ठेव. कुठलाही. अगदी बिनमहत्त्वाचा असला तरी चालेल. एका शब्दाने कोणाला काही उघडता येत नाही, हे आता मला पक्कं माहीत आहे. मी तो इंग्रजीतच ठेवीन.

ती नाही म्हणेल. म्हणायलाच पाहिजे तिने, मीच तिला तसं शिकवलं असतं.

पाठवते.